दप्तरातला फोन

प्रिय ठके,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू बहुतेक त्या बाकावरच असशील. शाळेच्या व्हरांड्यात फोनवर बोलायला बंदी आहे म्हणून तरी आपल्या घरात कुणीतरी पत्र लिहितंय, नाहीतर ती हौस आईबाबांबरोबरच संपली होती. माझं पत्र वाचताना मध्येच हसू फुटतं आणि गणिताच्या बाई दारातून डोकावून बघतात, असं तू मागे म्हणाली होतीस. आज हसण्याची फारशी आशा ठेवू नकोस. पत्र मात्र लांबलचक आहे, तेव्हा लेकीची, आपल्या मिरचीची, रक्तातली साखर एकदा बघून घे, मधल्या सुट्टीचा तिचा डबा पोचव आणि मग सावकाश बस.

आधी इकडची खबर. तुझे भावोजी मजेत आहेत. घराला स्वतः रंग द्यायचा असं ठरवून त्यांनी एक भिंत रंगवली, आणि आता त्या भिंतीमुळे बाकीचं घर जुनाट दिसतं अशी तक्रार माझ्याकडेच करतात. ब्रश वाळून कडक झालाय, शिडी दिवाणखान्यात उभी आहे, आणि तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. मी बरी आहे असं लिहिणार होते, पण तुला लिहिताना खोटं बोलवत नाही. जेवण जात नाही. ऑफिसातून आले की तोंडातून शब्द काढत नाही, त्यामुळे भावोजींना वाटतं मी रंगावरून रागावलेय. बिचारे कालपासून शिडी हलवायच्या गोष्टी करताहेत.

मुलांच्या साखरेवर लक्ष ठेवणारं आमच्या कंपनीचं जे ॲप आहे, त्याचं काय झालं, असं तू दर फोनला विचारतेस आणि मी ‘चाललंय गं’ म्हणून विषय बदलते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू लहानपणापासून तशी. न बोललेलं आधी ऐकणार. तर आज सगळं पहिल्यापासून सांगते, आणि तुझ्याच कामातला दाखला देऊन सांगते, म्हणजे मध्येच ‘ताई, मला तुमचं कॉम्प्युटरचं काही कळत नाही’ असं म्हणून सुटता येणार नाही.

जगात फोनच्या दोन मोठ्या जाती आहेत, एवढं तुलाही ठाऊक आहे. तुझा एका जातीचा, मिरचीसाठी घेतलेला साधा फोन दुसऱ्या जातीचा. ॲप बनवायचं तर दोन रस्ते असतात. एक म्हणजे त्या त्या फोनच्या स्वतःच्या भाषेत, दोन्हीकडे वेगवेगळं, सगळं पहिल्यापासून लिहायचं. त्याला आमच्यात नेटिव्ह म्हणतात. तू गिऱ्हाइकाचा डावा डोळा वेगळा, उजवा वेगळा तपासून भिंग घासतेस ना, तसं. दुसरा रस्ता म्हणजे एकदाच लिहायचं आणि मधे एक दुभाषा ठेवायचा, तो दोन्ही जातींच्या फोनला समजावून सांगतो. हे हायब्रिड. दुकानात बाहेरच्या फिरत्या स्टँडवर तयार चष्मे लावलेले असतात, तसं. त्यांना नावं ठेवू नकोस. त्यांच्यावर कितीतरी लोक आयुष्यभर पेपर वाचतात. बस कधी येणार, बिल भरलं का, कुणाचा वाढदिवस आहे, असल्या ॲपना हायब्रिड छान चालतं. निम्म्या माणसांत, निम्म्या वेळात काम होतं, आणि वापरणाऱ्याला फरकही कळत नाही.

आमच्या कंपनीत हा वाद पेटला तेव्हा हायब्रिडच्या बाजूने सगळ्यात जास्त भांडले ती मी. समोर आमचा खडूस होता. खडूस म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना प्रोग्रामर. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाच आठवत असेल. तो म्हणाला, हे साखरेचं काम आहे, इथे दुभाषा नको, फोनशी थेट बोललं पाहिजे. मी म्हणाले, तुमचं थेट बोलणं संपेपर्यंत पोरं मोठी होतील. मग मी तुझी गोष्ट सांगितली. मिरची साखर उतरून वर्गात बाकावर डोकं टेकून बसली होती आणि बाईंना वाटलं तिला झोप लागलीय, तो दिवस सांगितला. तिच्या दंडावरचा सेन्सर, त्याचं ते काडेपेटीएवढं यंत्र, साखर उतरली की होणारा त्याचा चिमणीएवढा आवाज, आणि ते चार पावलं लांब नेलं की मुकं होतं हेही सांगितलं. यंत्राची जबाबदारी घ्यायला शाळेने हात वर केले, म्हणून भिंगं घासणारी माझी बहीण हातातलं काम सोडून सकाळपासून शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेर बसते, हेही सांगितलं. त्यानंतर विरोध कोण करणार? हायब्रिड ठरलं. नव्या सत्राच्या आत ॲप लोकांच्या हातात, असं साहेबांनी त्याच दिवशी जाहीर करून टाकलं. ते सत्र कुणाच्या शाळेचं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मग ते बरे दिवस आले. तुला आठवतं, मी फोन करून सांगितलं तेव्हा तिकडून एकदम नाक ओढल्याचा आवाज आला? मिरचीच्या दप्तरात एक फोन असेल, तो सेन्सरचं ऐकेल, आणि साखर खाली जायला लागली की दप्तरातही वाजेल आणि तू जिथे असशील तिथे तुझ्याही फोनवर वाजेल. फोन गप्प करून ठेवला असला तरी वाजेल. तू चष्मेवाल्या काकांच्या दुकानात पुन्हा चाकावर बसू शकशील. काकांनी जागा धरून ठेवलीय हे तू सांगितलंस तेव्हा मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. आणि मिरची! ‘मावशी, आईला सगळी मुलं बाकबाई म्हणतात, आता तिला नको येऊ म्हण,’ असं तिने मला हळूच सांगितलं. तिला वाटलं तू ऐकत नाहीयेस. तू ऐकत होतीस, हे मला कळलं होतं.

काम जोरात झालं. हायब्रिडच्या टोळीचा म्होरक्या म्हणजे आमचा चटपट. नाव सार्थ आहे. सांगायचा अवकाश, की करून हजर. त्याने केलेलं ॲप दिसायला इतकं नीटस आहे की खडूसही ‘फोनवर दिसणारे पडदे बरे आहेत’ म्हणाला, आणि त्याच्या तोंडून ‘बरे’ निघणं म्हणजे दुसऱ्याने हार घालण्यासारखं. तपासणी माझ्याकडे. आमच्या तपासणीच्या खोलीत भिंतीला एक लांब फळी आहे. तिच्यावर नाना कंपन्यांचे फोन ओळीने उभे करून ठेवलेले असतात, प्रत्येकाच्या शेपटीला चार्जर लावलेला. दिवसभर तपासण्या चालतात, मध्येच बॅटरी संपली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून चार्जर काढायचा नाही हा आमचा जुना नियम. तो कुणी घातला तेही आता कुणाला आठवत नाही. सेन्सरच्या जागी आमच्याकडे एक डबी आहे, तिला आम्ही ‘खोटा हात’ म्हणतो. ती मिरचीच्या दंडासारखे आकडे पाठवत राहते. आपण सांगू तेव्हा ती साखर खाली पाडते, आणि फोन वाजले पाहिजेत. वाजत होते. फळीवरचे सगळे फोन प्रत्येक वेळी असे कोकलत की शेजारच्या हिशेबवाल्यांनी दार लावून घ्यायला सुरुवात केली. मी सगळीकडे बरोबरच्या खुणा करत गेले. मनात तुझ्या दुकानातलं चाक फिरत होतं.

आणि मग माझी दाढ दुखायला लागली. हसू नकोस. दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि खोट्या हाताची एक तपासणी अर्धी राहिली होती. वेळ फुकट कशाला घालवा, म्हणून एक फोन चार्जरवरून उपटला, ती डबी उचलली, दोन्ही पर्समध्ये टाकलं आणि निघाले. डॉक्टरकडे गर्दी. मी एक जुनं मासिक वाचत बसले, त्यातली शब्दकोडी आधीच कुणीतरी चुकीची सोडवून ठेवलेली. एक आजोबा आत गेले, गालाला हात लावून बाहेर आले. मग एक बाई गेल्या, त्याही आल्या. माझा नंबर लागला तेव्हा रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला, फोन हाताला लागला म्हणून सहज उचलला, त्याचा पडदा उजळला, आणि तो असा किंचाळला की काउंटरवरच्या मुलीच्या हातातला पेला खाली पडला. सगळे दचकले, मग हसले. मीही ओशाळून हसले. माफी मागत आवाज बंद करायला गेले आणि पडद्यावरची वेळ दिसली. खोट्या हाताने साखर पाडली होती ती आजोबा आत जायच्याही आधी.

ठके, म्हणजे इतका वेळ तो वाजलाच नव्हता. फोन पर्समध्ये गाढ झोपला होता. मी हात लावला म्हणून तो जागा झाला, आणि जागा झाल्यावर त्याला आठवलं की आपल्याला ओरडायचं होतं. नंतर मी त्या खुर्चीत तोंड उघडून पडले होते. डॉक्टर विचारत होते कुठे दुखतंय, आणि मला दप्तर दिसत होतं. मिरचीचं ते निळं दप्तर, बाकाखाली ढकललेलं, चेन लावलेलं. दिवसभर त्यातल्या फोनला कोण हात लावणार?

परत आल्यावर मी कुणाशी न बोलता फळीवरच्या सगळ्या फोनचे चार्जर काढले. चटपट धावत आला, मी त्याला गप्प बसवलं. खोट्या हाताला साखर पाडायची वेळ लावून दिली, खोलीला कुलूप घातलं आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेले. चहा कुणी प्यायला नाही. व्हरांड्यातून ऐकत उभे राहिलो. काही फोन वेळेवर वाजले. काही उशिरा वाजले. काही वाजलेच नाहीत, दार उघडून हातात घेतले तेव्हा बोंबलले. चार्जरवर लावलेला फोन कधी झोपतच नाही, बॅटरी वाचवायची त्याला गरजच नसते. आणि आम्ही इतके महिने फक्त जागे फोन तपासत होतो. जगातली सगळी माणसं फोन खिशात नाहीतर पिशवीत ठेवतात, आमच्या खोलीत मात्र तो भिंतीला बांधलेला. खडूसने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, ‘बसा जरा, पाणी घ्या.’

पुढचा सगळा आठवडा चटपट घरी फक्त कपडे बदलायला गेला. त्याने बरंच सुधारलं, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक कंपनीचा फोन आपापल्या परीने चिक्कू. एकाला समजावलं की दुसरा झोपतो, आणि दुभाष्याच्या तोंडून सांगितलेलं त्यातल्या काहींना ऐकूच जात नाही. शेवटी तोच खाली मान घालून म्हणाला, इथून पुढे माझा दुभाषा तोकडा पडतो. खडूसने मग शांतपणे मांडलं. पडदे राहू देत, ते चांगलेच आहेत. पण ऐकायचं आणि वाजायचं जे काम आहे ते फोनच्या स्वतःच्या भाषेत, दोन्ही जातींसाठी वेगळं लिहावं लागेल. ते झालं की परवान्यासाठी डॉक्टरांकडे करावी लागते ती चाचणी पुन्हा पहिल्यापासून. नवं सत्र हातचं जाणार. कदाचित सगळं वर्षच.

साहेबांना मी राक्षस म्हणणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं, डोकं धरून बसले, मग मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, बहुतेक फोनवर वाजतंय ना? बाकीच्यांसाठी सूचना लिहू, फोनची अमुक सेटिंग बदला, ॲप उघडं ठेवा. आज लोकांकडे काय आहे? काहीच नाही. काही नसण्यापेक्षा हे बरं की नाही? आणि मग खालच्या आवाजात, अगदी मनापासून म्हणाले, ‘तुमच्या भाचीला पहिलं देऊ. तुमच्यासाठीच तर सगळं चाललंय. तपासणीचा होकार तेवढा द्या.’ उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये तो होकार सगळ्यांसमोर द्यायचा आहे. तपासणीप्रमुख हो म्हणाली की ॲप बाहेर पडणार.

तुला काय वाटतं, मला लगेच नाही म्हणता आलं? छे. मी त्यांना ‘विचार करते’ म्हणाले आणि खरंच विचार केला. काही नसण्यापेक्षा बरं, हे वाक्य मी भाजी चिरताना घोकलं, बसमध्ये घोकलं. मिरचीसाठी दुसरा फोन मी स्वतः निवडीन, न झोपणारा घेईन, त्याच्या सगळ्या सेटिंग मी बसून करीन, मग आपल्याला काय धोका, असंही मनाशी जुळवलं. आणि काल तुझा फोन आला. तू काकांना पक्कं सांगून आलीस. सवय मोडलीय का बघायला एक भिंग घासलंस, कड जरा वाकडी गेली पण काका काही बोलले नाहीत. किती दिवसांनी तू इतकं भराभर बोलत होतीस! मी ‘वा वा’ म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर शिडीला धरून उभी राहिले.

पण साहेबांच्या बोलण्यात कुठे खोट आहे ते मला त्या शिडीपाशीच कळलं. आज तुझ्याकडे काही नाही, म्हणून तर तू बाकावर बसतेस. ॲप हातात आलं की तू उठून जाशील. उठून जाण्यासाठीच ते बनवलंय. मग एखाद्या दुपारी दप्तरातला फोन झोपला, तर तो चिमणीएवढा आवाज ऐकायलाही तिथे कोणी नसेल. काहीच नसतं तेव्हा मिरचीकडे निदान तू असतेस.

तेव्हा या वर्षी बाक काही सुटत नाही, ठके. काकांना काय सांगायचं ते तूच ठरव, माझ्यावर ढकललंस तरी चालेल. मी रजा टाकून सत्राच्या सुरुवातीला येईन आणि बाकबाईची बदली म्हणून बसेन. तेवढे दिवस तू दुकानात जा. पण रजा संपली की बाक पुन्हा तुझाच. मिरचीला सांग, मावशीवर चिडायला पूर्ण परवानगी आहे. तूही चीड. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच ‘असू दे गं ताई’ म्हणाली असतीस, आणि ते मला ऐकवलं नसतं.

पण एवढ्याचसाठी मी पत्र लिहिलेलं नाही. खरं सांगते, मला माझा भरवसा नाही. उद्या ते सगळे माझ्याकडे बघतील, साहेब पुन्हा भाचीचं नाव काढतील, आणि मला दुकानातल्या चाकावर बसलेली तू दिसशील. तुला तिथे बसवण्यासाठी मी काय वाटेल ते करीन, होही म्हणेन, एवढी मी स्वतःला ओळखते. म्हणून हे पत्र मी आत्ता ऑफिसच्या रस्त्यावरच्या पेटीत टाकणार आहे, मीटिंगच्या आधी. बंद दप्तरात हा फोन वाजत नाही, हे आता तुला कळलं. उद्या मी हो म्हणाले तरी तू ते ॲप मिरचीला लावणार नाहीस. मग माझा होकार फक्त दुसऱ्यांच्या मुलांसाठी उरतो, आणि तसा होकार माझ्या तोंडून निघणार नाही, अगं, तुझ्यासाठीसुद्धा नाही.

तुझीच,
ताई